मंगळवार, शुक्रवार

मंगळवार.

"गेल्या शुक्रवारी हे फाटक तुम्ही लावलंत?"

टपालाच्या गाडीतून उतरलेला तरुण हसला. "हो. उघडं राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं. ठेवलं होतं." लिओनीचा आवाज चढलाही नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. "पाण्याचा हौद पलीकडे आहे. अकरा मेंढ्या मेल्या."

त्याचा चेहरा उतरला. इथे फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कॅलम रेडमेकर शहरातला. म्हाताऱ्या टपालवाल्याचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून सहा आठवड्यांपुरता आलेला.

त्याने बाह्या दुमडल्या. मेलेल्या मेंढ्या ओढताना एकदाही नाक दाबलं नाही.

(हे तिने पाहिलं. पाहायचं नव्हतं.)

शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार.

टपाल रस्त्यावरच्या डब्यात टाकायचं असतं. हा धूळ उडवत थेट घरापर्यंत येई.

"आज पत्र नाही."

"मग आलास कशाला?"

"तेच सांगायला."

ती हसली... गालांना सवयच राहिली नव्हती. वडील गेल्यापासून नऊ हजार एकर आणि ती. सगळ्यात जवळचं घर अठरा किलोमीटरवर.

एकदा चहा ओतून खुर्चीत टेकली, तर डोळाच लागला. जाग आली तेव्हा चहा गार, तो गेलेला, आणि कुत्र्यांना खाणं घातलेलं.

सहावा शुक्रवार.

"म्हातारा परत येतोय," कॅलम म्हणाला. "सोमवारपासून मला अ‍ॅडलेडला नोकरी आहे. म्हणजे... हो म्हणालो तर."

आज बोलली नाही तर संपलं. दोन्ही हातांत चाऱ्याच्या बादल्या, आणि वाक्य काही जुळेना.

"मी आठला झोपते."

"माहीत आहे."

"आंघोळ केली तरी मेंढ्यांचा वास जात नाही. लोकर कातरायच्या दिवसांत तर मी माणसात नसते."

"लिओनी, तू मला पळवून लावतेयस का?"

"थांब म्हणतेय! यापेक्षा गोड बोलायचं त्राण नाही, कॅलम. फार दमलेय मी."

तो जवळ आला. बोटांना बोटं लागली — खरखरीत, गरम — आणि बादल्या त्याच्या हातात गेल्या.

"अ‍ॅडलेडला नाही म्हणून कळवायचंय. आधी तू बस. चारा कुठे टाकायचा, तेवढं सांग."

ती पायरीवर बसली. भर उन्हात, कामं पडलेली असताना.

"डावीकडे," ती म्हणाली. "सावकाश टाक... घाई नाही."