जरा थांबा, पेडणेकर

त्या गुरुवारी मी शाई आणायला स्टोअरमध्ये गेलो होतो. कॅज्युअल्टीचं रजिस्टर निळ्या-काळ्या शाईतच लिहायचं असं परिपत्रक होतं, आणि निळी-काळी शाई स्टोअरमध्ये कधी नसायची असा रिवाज होता. स्टोअरकीपरने जांभळ्या शाईची दौत पुढे सरकवली. "आजचा दिवस चालवून घ्या, पेडणेकर," म्हणाला. मी चालवून घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी दुसरं काय केलं?

साल त्र्याऐंशी. परळमधलं एक मोठं इस्पितळ. नाव सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. भोंगे बंद झाल्यापासून लालबाग-परळमधल्या माणसांना एक नवीच खोड लागली होती. येता-जाता कुणालाही थांबवून विचारायचे, "वेळ काय झाली?" कुठे जायचं नसायचं, कुणी वाट बघत नसायचं, तरी विचारायचे. वीस-वीस वर्षं भोंग्यावर उठलेली माणसं ती.

कॅज्युअल्टीत शिरलं की डावीकडे माझं टेबल. उजवीकडे हिरवा पडदा, त्यामागे लोखंडी खाट. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार तिथे डॉक्टर धुरंधर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत. माणूस मरायला टेकला असताना पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हा विषय. आधी श्वासाची वाट मोकळी करा, मग श्वास, मग रक्त. "बघा, ऐका, हाताला काय लागतं ते समजून घ्या," हे सरांचं पालुपद. छाती हलते का बघा, तोंडाशी कान नेऊन ऐका, श्वास गालाला लागतो का पाहा. गिरगावातला घरंदाज माणूस, गोड बोलायचे. आणि खरं सांगायचं तर शिकवायचेही उत्तम.

या सरावासाठी कुठल्याशा परदेशी संस्थेने एक रबरी बाहुला भेट दिला होता. मान वळायची, छाती दाबली की खालीवर व्हायची. मुलांनी हाताळून खराब करू नये म्हणून तो डीनसाहेबांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात कुलपात ठेवला होता. पाहुणे आले की दाखवत.

मग मुलं शिकणार कशावर? जी माणसं दारातच गेलेली असत, त्यांच्यावर.

पद्धत ठरलेली होती. सर डोळ्यांत बॅटरी मारत, नाडी बघत, घड्याळाकडे बघत आणि पडद्याआडून म्हणत, "जरा थांबा, पेडणेकर." म्हणजे मृत्यूची वेळ इतक्यात लिहायची नाही. वेळ लिहिली की ते प्रेत झालं, आणि प्रेताला हात लावायला कागद लागतात. वेळ लिहिली नाही तोवर तो पेशंट. मी बाहेर नातेवाइकांना सांगायचो, "प्रयत्न चालू आहेत." आता प्रयत्न चालू असायचेच की. दहा-बारा जण आळीपाळीने करत असायचे. सगळ्यांचा हात बसला की सर म्हणायचे, "हं, लिहा."

त्या गुरुवारी दोन पंचवीसला महादेवला आणलं. चाळिशीचा माणूस, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, संपात कांदे-बटाट्याची हातगाडी लावायचा. गाडीवरच कोसळला. बरोबर बायको तुळसा आणि शेजारीण पुतळाबाई. सरांनी बॅटरी मारली. रामजीमामा, आमचा वॉर्डातला जुना माणूस, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. गेलेला होता.

"जरा थांबा, पेडणेकर."

मी तुळसाला बाकावर बसवलं. "प्रयत्न चालू आहेत."

पडदा पुरता सरकत नसे, एक कडी तुटलेली होती. त्या फटीतून मला सगळं दिसे, आणि समोर चिवड्याचा डबा उघडा असे. माणसाला कशाचीही सवय होते असं म्हणतात. मला झाली होती, हेच आज जास्त किळसवाणं वाटतं.

जबडा ताणून घसा बघायचं लोखंडी पातं जिभेवर दाबायचं, जीभ उचलायची, श्वासाच्या वाटेत नळी सारायची. अकरा मुलं, अकरा वेळा. जीभ जांभळी पडून बाजूला लोंबायला लागली होती. सकाळचा भात आणि सुकट अर्धवट पचून घशाशी आली होती. प्रत्येक वेळी मामा ती बोळ्याने पुसून बादलीत टाकायचा. वास सुकटीचा, तंबाखूचा आणि आणखी कसला तरी, गोडसर. छाती दाबताना बरगडी मोडल्याचा आवाज आला तेव्हा एक उंच मुलगा कुजबुजला, "सॉरी हां, काका." बाकीचे फिसकन हसले.

"अरे, पहार नाहीये ती! दाताचा टेकू घेऊ नकोस," सर ओरडले. तेवढ्यात कट्कन वाजलं. वरचा पुढचा दात तुटला. मामाने तोंडात बोटं घालून शोधला, बादलीत शोधला, खाटेखाली शोधला. सापडला नाही.

शेवटचा नंबर ललिताचा. दादरची मुलगी, चष्मेवाली, कधी न हसणारी. नियमाप्रमाणे तिने आधी तोंडाशी कान नेला. आणि तशीच राहिली.

"झोप लागली का?" सर म्हणाले.

"सर... हे काहीतरी म्हणतायत."

"पोटातली हवा आहे. अकरा जणांनी दाबलंय."

"नाही सर..." ती कान न काढता म्हणाली. "वेळ विचारतायत."

कुणी हसलं नाही. सर वाकले. त्यांनी कान लावला आणि सरळ झाले तेव्हा कानाची पाळी ओली होती. रुमालाने पुसत म्हणाले, "हवा." मग घाईघाईने, "पेडणेकर, लिहा."

भिंतीवरच्या घड्याळात तीन पन्नास झाले होते. मी जांभळ्या शाईत तीन पन्नास लिहिलं. महादेवचे हृदयविकाराचे जुने कागद होते, 'उपचार चालू असताना' गेला म्हटल्यावर चिरफाड टळली. सर नेहमी म्हणत, यात नातेवाइकांचाही फायदा असतो.

तुळसा टेबलाशी आली. रडत नव्हती. "सायबानू, किती वाजता गेले?"

"का?"

पुतळाबाई पुढे झाली. तिच्या हातात पंचांगाचं पान होतं. "पंचक आहे ना हो, साहेब. आज तीन दहाला सुटलं. त्याच्या आधी गेला असेल तर मढ्याबरोबर दर्भाच्या पाच बाहुल्या जाळाव्या लागतात. नाहीतर मागनं पाच जातात."

"घरात आम्ही पाचच उरलो," तुळसा म्हणाली. "मी, सासू न् तीन पोरां. खरी वेळ सांगा, सायबा."

पडद्यापाशी सर हात पुसत उभे होते. "पेडणेकर," ते गोड आवाजात म्हणाले, "जे लिहिलंय ते सांगा."

पंचकावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही, म्हणजे मोठ्याने नाही. पण तिचा होता. पाच बाहुल्यांना लागतो किती दर्भ? खरी वेळ सांगितली असती तर मधल्या ऐंशीहून जास्त मिनिटांत काय चाललं होतं तेही सांगावं लागलं असतं. मी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "तीन पन्नास."

"देवा म्हाराजा!" ती मटकन खाली बसली. "पोरां वाचली." आणि तिने मला हात जोडले. मी डबा बंद केला.

जांभळी शाई दुसऱ्या दिवशी परत गेली. हेडक्लार्कने त्या एका पानावरून मला मेमो दिला.

पुढच्या गुरुवारी माझगावची एक म्हातारी आणली. "जरा थांबा" झालं. पहिल्याच मुलाने तोंडाशी कान नेला आणि दोन पावलं मागे सरला. नंतर त्या वर्गात कुणी ऐकायचं नाव काढीना. बघायचे, हात लावायचे, पण ऐकत नसत. सरांच्या डाव्या कानात तेव्हापासून कापूस असे. तो दिवसातून चारदा बदलावा लागे. बादलीत टाकलेल्या त्या बोळ्यांना सुकटीचा वास यायचा, असं मामा सांगे. मी वास घ्यायला गेलो नाही.

मामा लालबागलाच राहायचा. नवव्या दिवशी त्याने टेबलाशी येऊन हळूच सांगितलं, "महादेवची आई गेली, साहेब. झोपेत."

"वय झालं असेल."

"हो. वय झालं होतं." तो जाईना. "चार राहिले."

"मामा, कामाला लागा."

तिसऱ्या गुरुवारी, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, तुळसा धावत आत आली. हातांवर नऊ वर्षांची मुलगी, मीरा. ओठ निळे, डोळे पांढरे.

"घुसमटली! काय खात नव्हती हो... नुसती बसलेली, तोंड रिकामां..."

मी केसपेपर केला. नाव, वय, आल्याची वेळ. निळ्या-काळ्या शाईत, हे लक्षात ठेवा.

पडद्यामागे या वेळी शिकवणं नव्हतं. सर घामाघूम झाले होते. ललिताने पातं घालून आत बघितलं. "सर, आत काहीतरी अडकलंय... काळं." सरांनी चिमटा घातला. निसटलं. पुन्हा घातला, पुन्हा निसटलं. चिमटा पुढे गेला की ते आत सरकत होतं. मग मुलीचे हात सुटले. सरांनी नाडी बघितली. घड्याळ बघितलं. तीन सत्तेचाळीस. आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जरा थांबा, पेड..."

पुढचं त्यांनी गिळलं.

ललिता वाकलीच होती. त्या खोलीत अजून ऐकणारी ती एकटीच. पण या खेपेला कान लावायची गरज नव्हती. त्या एवढ्याशा तोंडातून, ओठ न हलता, जाडसर, ओला पुरुषी आवाज आला.

"वेळ काय झाली...?"

बाकावरून तुळसा उठली. पडद्याकडे बघत, घाबरून नव्हे, घरात हाक यावी तशी म्हणाली, "अहो...?"

माझे हात काय करत होते ते मला नंतर कळलं. ते रजिस्टरची पानं मागे उलटत होते. जांभळं पान सापडलं. मी उभा राहून, नोकरीत तोवर कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने वाचलं.

"महादेव. दोन वाजून पंचवीस मिनिटं. तीन पन्नास खोटं आहे. मी लिहिलं ते. मधे हे सगळे त्याच्यावर शिकत होते."

मुलगी धनुष्यासारखी वाकली. एक घाण, लांबलचक उबळ आली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टण् वाजलं. त्याच क्षणी ललिताने नळी सारली, पहिल्या झटक्यात, अचूक. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. हे ती ज्या घशावर बघून शिकली होती, तो मीराच्या बापाचा होता. याचं काय करायचं ते मला आजवर समजलेलं नाही.

ट्रेमध्ये दात होता. सरांनी चिमट्याने उचलला. "दुधाचा दात," ते म्हणाले. नऊ वर्षांच्या मुलीचा दुधाचा दात, आणि त्यावर वीस वर्षांच्या तंबाखूचं कीट.

तुळसा माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं मारेल. तिने उघड्या पानाकडे बघितलं आणि खाकरून त्यावर थुंकली. जांभळी शाई पसरली, तीन पन्नास बुडालं. मग ती मुलीकडे गेली. नंतर भटजीला विचारून तिने बाहुल्या केल्या, विधी केला असं मामाने सांगितलं. त्या घरातलं पुढे कुणी गेलं नाही. सरांनी महिन्याभरात राजीनामा दिला. रबरी बाहुला मात्र कपाटातून खाली आला. ललिता डीनसाहेबांच्या दारात बसून राहिली होती म्हणे.

आता उरलेलं सांगतो.

त्या संध्याकाळी मी मीराचा केसपेपर फायलीला लावायला घेतला. मृत्यूच्या वेळेच्या रकान्यात लिहिलेलं होतं: तीन पन्नास. अक्षर माझं. शाई जांभळी, जी जवळजवळ दोन आठवड्यांपूर्वी इमारतीतून गेली होती. तारखेची जागा कोरी.

तो कागद मी घरी आणला. आयुष्यात इस्पितळाचं तेवढंच चोरलं. जाळायचा धीर होत नाही, परत करायची सोय नाही.

मीरा आता पन्नाशीत आहे. नर्स झाली. तरुण डॉक्टरांना रबरी बाहुल्यावर शिकवते, बघा, ऐका, समजून घ्या. आईने तिला काहीच सांगितलं नाही. पेडणेकर काका तेव्हा तिथे होते, एवढंच तिला माहीत. दर दसऱ्याला दुपारी ती सोनं द्यायला येते. मी तिला चार वाजेपर्यंत उठू देत नाही. चहा, मग आणखी चहा, मग इस्पितळातल्या जुन्या गोष्टी. तिला वाटतं म्हातारा एकटा आहे. वर्षातल्या बाकीच्या दुपारी ती कुठे असते, कोण जाणे.

यंदाही आली. बोलता बोलता थांबली. जिभेने वरचा पुढचा दात चाचपला, कप खाली ठेवला आणि सहज विचारलं,

"काका, वेळ काय झाली?"

आवाज तिचाच होता. बहुतेक.

मी घड्याळ बघितलं, आणि ते काय दाखवत होतं ते तिला अगदी मिनिटासकट खरं खरं सांगितलं. माझं लक्ष तिच्या छातीकडे होतं, आणि तिचं, का कोण जाणे, माझ्या तोंडाकडे.