कोमट आईस्क्रीम

आईस्क्रीमच्या दुकानात शिरून कुणी गरम पाणी मागतं का?

तिनं मागितलं. तेही ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी, हातांत लोकरीचे मोजे आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळून. रस्त्यावरची बाकीची दुकानं दुपारची बंद होती, थर्मासमधलं पाणी संपलं होतं आणि घर अजून चांगलंच लांब होतं. समोर उघडं दार दिसलं आणि ती आत घुसली. कसलं दुकान आहे हे तिनं आत गेल्यावर पाहिलं!

काउंटरमागचा तरुण पिस्त्याचा गोळा काढत होता. त्याचा हात हवेतच राहिला.

"गरम... म्हणजे गरमच?"

"कोमटही चालेल."

"गार आहे. मस्त गार. हवं तर बर्फ घालून आणखी गार करून देतो."

"गरम," ती म्हणाली.

त्यानं तिच्या मोज्यांकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, मग पुन्हा मोज्यांकडे. आणि हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडत होती, दुसऱ्याला नाही, त्यामुळे हसू जरा अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. तिला उगाच वाटलं, हे पुरं व्हायची वाट बघावी...

"इतकी वर्षं दुकान चालवतोय," आतल्या शेगडीवर पातेलं ठेवत तो म्हणाला, "पण या दुकानात येऊन मला कुणी पाणी तापवायला लावलं नव्हतं. सर्दी झालीय का?"

बस. खरं तर इथंच तिनं सांगून टाकायला हवं होतं.

"हो ना," ती म्हणाली. "सर्दी."

सर्दीबिर्दी काही नव्हती. पोटातली एक नको ती गाठ डॉक्टरांनी काढून टाकली होती आणि आता केमो चालू होती. त्या औषधाची करामत अशी, की गार वस्तूला बोट जरी लागलं तरी विजेचा झटका बसावा तशा मुंग्या हातभर धावायच्या. गार घोट घेतला की घसाच मिटल्यासारखा व्हायचा. घरातला फ्रीज आता आत्याच्या ताब्यात होता. सकाळी उठल्यावर आत्या तिच्या चपला पलंगाजवळ आणून ठेवायची, कारण नुसत्या फरशीवर पाय टेकला तरी ही टुणकन उडी मारायची.

पण त्याला खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. खरं ऐकलं की माणसांचं काय होतं ते तिनं पुरेपूर पाहिलं होतं. शेजारीण तिच्याशी आता असं हळू बोलायची, जणू मोठ्यानं बोललं तर ही फुटेल. ज्या पडद्यांच्या दुकानात ती शिवणकाम करायची, तिथले मालक पूर्वी चुकलेल्या शिवणीवरून दुकान डोक्यावर घ्यायचे. ते आता वाकड्या शिवणीलाही "छान, छान" म्हणायचे. याचा तिला भयंकर राग यायचा. आणि हा खळीवाला... हा तिच्याकडे असं बघत होता, जसं कुणीतरी एखाद्या मुलीकडे बघतं. साध्या, चांगल्या, थोड्या येडपट मुलीकडे. ते एवढ्यात संपवायचं तिला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी थर्मास भरलेला होता, तरी ती गेली.

"या मोजेबाई!" तो म्हणाला. पातेलं आधीच शेगडीवर होतं.

असं रोजचंच सुरू झालं. पडद्यांच्या दुकानातून घरी जाताना ती इथं पाणी प्यायची, तो शेंगा सोलाव्यात तशा गप्पा सोलत बसायचा. पण आठवड्याभरात त्याच्या मनाला ते लागायला लागलं. आपल्या दुकानात एक माणूस रोज येतं आणि आईस्क्रीम न खाता जातं, म्हणजे काय!

एके दिवशी त्यानं तिच्यापुढे वाफाळती वाटी ठेवली.

"हे काय?"

"आईस्क्रीम."

"हे? याला वाफ येतेय!"

"आईस्क्रीमच आहे हो. आधी दूध-साखर आटवून असंच शिजवतात, मग गोठवतात. ह्याला फक्त अजून थंडीची बातमी लागलेली नाही."

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली, पोट धरून. मग पहिला चमचा तोंडात घातला... आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

"काय झालं?"

"लोखंड," ती नकळत बोलून गेली. "लोखंड चाटल्यासारखं लागतंय."

त्याचा चेहरा असा पडला, की तिला लगेच पुढची थाप मारावी लागली. "तुमचं नाही हो! सर्दीनं माझ्या तोंडाची चवच गेलीय." हीसुद्धा खरं तर औषधाचीच कृपा. वरणापासून चॉकलेटपर्यंत सगळ्याला एकच चव, गंजलेल्या खिळ्याची.

पण त्यानं ते आव्हानच धरलं. आधी स्टीलचा चमचा गेला, आईस्क्रीमचा लाकडी चमचा आला. लोखंड निम्मं पळालं! मग तो रोज नवं काहीतरी शिजवू लागला. पुदिना घालून बघितला, "हं... दात घासल्यासारखं," ती म्हणाली. दालचिनीला तिनं नुसतीच मान हलवली. आणि मग एका संध्याकाळी संत्र्याची किसलेली साल आणि आल्याचा रस. तिनं चमचा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले.

"बोला ना," तो म्हणाला. "जीव टांगणीला लागलाय इथे."

"संत्रं लागतंय," ती हळूच म्हणाली. "मला... संत्रं लागतंय."

एवढ्याशा गोष्टीला हिच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे त्याला कळेना. आल्याचा रस जास्त झाला असावा, असं ठरवून तो मोकळा झाला.

घरी आत्या सगळं ऐकून मजा घ्यायची. तिनं त्याचं नाव परस्पर गारेगार ठेवलं होतं. "आज काय म्हणाला आमचा गारेगार?" असं विचारल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. एकदा ती स्वतःच बघायला आली, दोन गोळे खाल्ले, तिसरा मागवला आणि त्यानं "यांची सर्दी फारच लांबली, नाही का हो?" म्हटल्यावर तिला असा ठसका लागला, की दोघांनाही तिची पाठ थोपटावी लागली. तोवर त्या गरीब बिचाऱ्यानं निलगिरीच्या तेलाची बाटली आणून दिली होती, वाफ घ्यायचं यंत्र आणून दिलं होतं, आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर चांगले कोण याची चौकशीही केली होती.

"सांगून टाक गं," परतताना आत्या म्हणाली. "एवढा भोळा माणूस फसवायलासुद्धा मन धजत नाही."

"सांगेन ना. सगळं संपलं की."

पण मधेच त्यानं पडद्याची ऑर्डर दिली.

दुकानाच्या मागच्या खोलीच्या दाराला पडदा हवाय म्हणाला. त्या दाराला पडद्याची गरज नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. तरी तिनं निळं कापड निवडलं, आणि घरी बसून स्वतः शिवलं. हल्ली सुईत दोरा ओवणं तिला जमत नसे, बोटांची टोकं बधिर झालेली. आत्या रोज सकाळी दहाबारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. पण टाके सगळे तिचेच होते आणि यावेळी कुणी "छान, छान" म्हटलं असतं तर ते खरं असतं.

पडदा लावायला ती स्टुलावर चढली. कड्या अडकवायच्या म्हणून मोजे काढले. गिऱ्हाइकं होती, तो डीप फ्रीजरमध्ये खांद्यापर्यंत हात घालून डबे लावत होता. तिचं काम झालेलं पाहून तो धावत आला.

"उतरा, उतरा, मी धरतो," म्हणत त्यानं तिचा हात हातात घेतला.

पहिल्यांदाच. आणि फ्रीजरमधून थेट!

"सोडा!" ती किंचाळली. "हात लावू नका मला!"

तिनं हात असा हिसडला, की स्टूल डगमगलं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. तो दोन पावलं मागे सरकला, त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"माफ करा," तो म्हणाला. "चुकलं माझं."

हातभर मुंग्या धावत होत्या आणि लाजेनं तिला वर बघवेना. मोजे गोळा करून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशीही ती गेली. वाटी तयार होती, लाकडी चमचाही होता. पण तो काउंटरच्या पार पलीकडच्या टोकाला उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"घ्या, मॅडम," तो म्हणाला.

मॅडम! मोजेबाई गेली, मॅडम आली. तिला संत्र्याची चवही धड लागली नाही त्या दिवशी.

"त्याला वाटतंय, तुला त्याची किळस आली," आत्या म्हणाली. रात्रीच्या भाजीची तयारी चालली होती, आत्या फ्रीजमधून भाजी काढून ती जरा बाहेरच्या हवेला लागू देत होती, मगच हिच्या हातात.

"आणि सांगितलं तर तो बिचारी म्हणेल. आत्या, तेवढं एकच ठिकाण आहे गं, जिथं मी बिचारी नाहीये."

"अस्सं. म्हणजे तू बिचारी होऊ नयेस म्हणून त्यानं बिचारं व्हायचं?" आत्यानं पालकाची जुडी तिच्यापुढे आपटली. "चार लोकांसमोर ओरडलीस त्याच्यावर. तो मेला हात बांधून उभा राहतोय चोरासारखा. लपवायचं तू आणि शिक्षा त्याला?"

ती रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी उठली ती ठरवूनच.

दुकान नुकतंच उघडलेलं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. आत मोठ्या पातेल्यात दूध तापत होतं आणि तो डाव फिरवत उभा होता. तिला पाहताच त्याचे हात पुन्हा पाठीमागे गेले.

"दूध लागेल खाली," ती म्हणाली. "ढवळा. मी बोलते, तुम्ही ढवळा."

आणि तिनं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, केमो, मुंग्या, मोजे, लोखंड... एका दमात, त्याच्याकडे न बघता, पातेल्याकडे बघत. "तुमचा हात गार होता म्हणून ओरडले मी. तुमचा होता म्हणून नाही."

डाव थांबला. आता, तिला वाटलं. आता तो मऊ आवाज येणार.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "सर्दी नाहीच?"

"नाही."

"कधीच नव्हती?"

"नाही हो."

"आणि मी निलगिरीचं तेल दिलं!" तो जवळजवळ ओरडलाच. "कान-नाक-घशाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला निघालो होतो मी! आत्याबाई मनात काय म्हणाल्या असतील?"

"तीन गोळे खाऊन गेली, काही वाईट नाही म्हणाली."

त्यानं डोक्याला हात लावला. मग हसायला लागला, मग तीही, आणि दूध खरंच खाली लागलं. ते दोघांनाही वासावरून कळलं. गॅस बंद करून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. अर्धवट हसू हळूहळू मावळलं.

"अजून किती राहिलंय?"

"थोडं. उलट्या होतात, झोप होत नाही, कधीकधी उगाच भांडते. आधीच सांगून ठेवते."

"भांडा की. मला घाबरवलंत ते तेवढ्यानं फिटणार नाही." मग नजर पायाशी नेत तो म्हणाला, "मला वाटलं होतं, मी तुम्हाला आवडत नाही."

"असं असतं तर मी भर उन्हात एवढं चालत पाणी प्यायला आले असते? घरी नळ आहे आमच्या."

त्याचे कान लाल झाले. तो सरळ मोरीपाशी गेला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि हात धुवायला लागला. धुतले, पुसले, काखेत दाबून धरले. मग पातेल्याच्या कडेला लावले आणि "स्स!" करून काढले. स्वतःच्या गालाला लावून पाहिले. समाधान होईना. दुधाचं तापमान बघायची काचेची नळी होती, ती मुठीत घट्ट धरून उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं आकडा वाचू लागला.

"काय चाललंय?" तिला हसू आवरेना.

"थांबा हो! हे माझ्या धंद्याचं काम आहे, यात घाई करून चालत नाही..."

"धर आता," ती म्हणाली. "पुन्हा गार व्हायच्या आत."

'धर' ऐकून त्यानं वर पाहिलं. तिनं मोजे काढून काउंटरवर ठेवले होते. त्यानं दोन्ही हातांनी तिचा हात धरला, इतका जपून, की तिलाच तो जरा घट्ट दाबावा लागला.

"चटका बसतोय? मुंग्या?"

"नाही."

"मग कसं वाटतंय?"

तिनं बोटं हलवून पाहिली. खोटं बोलायचं आता नव्हतं.

"खरं सांगू? गार सोडलं तर बोटांना काहीच कळत नाहीये. बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, कळायला सहा महिने लागतील, कदाचित वर्षसुद्धा."

बाहेर पहिलं गिऱ्हाईक येऊन काउंटरवर टकटक करत होतं.

"मग सोडायची घाई नाही," तो म्हणाला, आणि हात न सोडताच गिऱ्हाइकाला हाक मारली, "या, या! आज मात्र गोळा तुम्हालाच काढून घ्यावा लागेल."