कपाटातलं शटर

भावना माझी सख्खी मावसबहीण. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे ती. गावी कुणी असलं काही सांगायला बसलं की ही उठून चहा टाकायला जायची. म्हणून आधीच सांगतो, यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. तिने जसं सांगितलं तसं लिहितोय. काही भाग तर तिने एकदाच सांगितला, पुन्हा विचारल्यावर उठून गेली.

साल दोन हजार बारा. दिवाळी नुकतीच उरकलेली. पनवेल, लाईन आळी, दुसरा मजला. दिवेलागणीची वेळ.

भावना घरात एकटीच होती. देवाजवळ दिवा लावून ती वळली...

आणि कपाटातून आवाज आला.

खट्.

कॅमेरा हाताळलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. शटरचा आवाज.

कॅमेरा कपाटात होता. बॅगेत. बॅगेची चेन लावलेली आणि कॅमेरा बंद.

उंदीर असेल, असं म्हणून तिने कपाट उघडलं. उंदीर नव्हता.

हा कॅमेरा घेऊन तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. भावनाचं माहेर पनवेलजवळचं कोन गाव. लग्नाआधीपासून नात्यातल्या हळदी-साखरपुड्यांचे फोटो ती दुसऱ्याचा कॅमेरा मागून काढायची. बायका तिच्यासमोर मोकळेपणाने हसायच्या, त्यामुळे तिचे फोटो चांगले यायचे. स्वतःचा कॅमेरा असावा ही तिची फार दिवसांची इच्छा. नवरा प्रितेश जासईच्या एका कंटेनर यार्डात कामाला. तिथेच त्याला कळलं, गावातली एक म्हातारी तिच्या मुलाचा कॅमेरा विकतेय.

म्हातारीचं नाव सोनाबाई. मुलगा कुंदन पंचक्रोशीत फोटो काढायचा. दोन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रेलरखाली गेला. कॅमेरा त्या दिवशी घरी होता, म्हणून वाचला.

सोनाबाईंनी कॅमेरा आणून ओटीवर ठेवला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

जुना कॅमेरा घेताना शटर काउंट बघतात. शटर एकूण किती वेळा पडलं त्याचा आकडा. गाडीचं किलोमीटर असतं तसंच. फोटो पुसले तरी आकडा कमी होत नाही. भावनाने एक फोटो काढला, लॅपटॉपला इंटरनेटचं डोंगल लावून आकडा सांगणाऱ्या वेबसाइटवर टाकला. आकडा आला, अठरा हजारांच्या घरात. त्या कॅमेऱ्याच्या मानाने काहीच नाही.

"दोन वर्षांत कुणी वापरला का हा?" तिने विचारलं.

"कोन वापरनार, बाय? कुंदन गेला तवापास्नं पेटीत हाय."

निघताना सोनाबाईंनी तिचा हात धरला.

"पनवेलला नेनार ना? हिकडं जवल नाय ना ठेवनार?"

भावनाला वाटलं, मुलाची वस्तू डोळ्यांसमोर नको असेल. सोबत कुंदनचं एक मेमरी कार्डही मिळालं. मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका. घरी येऊन तिने ते फॉरमॅट केलं, म्हणजे पूर्ण रिकामं केलं, आणि कार्डांच्या पाकिटात शेवटच्या कप्प्यात अडीअडचणीला ठेवून दिलं.

तर, तो आवाज.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याच वेळेला. आधी एक, मग जरा थांबून आणखी दोन.

कुणीतरी फोटो काढतंय. नीट बघून, थांबून...

भावनाने रविवारी शटर काउंट तपासला. तिने जेवढे फोटो काढले होते, त्याहून आकडा बराच पुढे गेला होता.

"तुम्ही माझा कॅमेरा वापरता का?" तिने प्रितेशला विचारलं.

"मी? मला तो चालू कुठून करतात तेही माहीत नाही."

"मग आकडा कसा वाढला?"

"फुकटची वेबसाइट ती. चुकली असेल."

"आणि आवाज?"

प्रितेशने टीव्हीचा आवाज कमी केला. "भावना, दिवसभर एकटी असतेस तू. आईकडे जाऊन ये दोन दिवस."

ती गेली नाही. तिने कॅमेऱ्याची बॅटरी काढून स्वयंपाकघरात ठेवली. कार्डही काढलं. लेन्सला झाकण लावलं. आणि संध्याकाळी दिवा लावून कॅमेरा मांडीवर घेऊन बसली.

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मग ते आवाज एकदम लांब गेल्यासारखे वाटले...

खट्.

तिच्या तळहाताला हिसका जाणवला. फोटो काढताना हलतो तो आतला आरसा उचलला गेला आणि परत पडला. बॅटरीशिवाय.

कॅमेरा खाली ठेवायचंही सुचेना.

दुसऱ्या दिवशी तो विकून टाकावा असं तिच्या मनात आलं. पण हातात कामं होती, शब्द दिलेले होते. निशा म्हणून तिची एक मैत्रीण, खांदा कॉलनीत राहणारी, तिचं डोहाळजेवण होतं. भावना कॅमेरा घेऊन गेली. फुलांची वाडी, ओटीभरण, सगळं काढलं. मधेच कार्ड भरलं म्हणून तिने पाकिटातलं लाल ठिपक्याचं कार्ड घातलं. त्यावर निशाचे आणि तिच्या सासूचे सगळे फोटो घेतले. शेवटी बघते तर स्क्रीनवर संदेश. कार्ड वाचता येत नाही.

निशाच्या दोन गर्भधारणा आधी टिकल्या नव्हत्या. तिला हे फोटो हवेच होते.

घरी येऊन तिने कार्ड रीडरमध्ये घातलं. पुसलेले, हरवलेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर असतं, ते चालू केलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायचा राहिला होता.

निशाचे फोटो एकेक करून वर आले. भावनाने श्वास सोडला.

आणि मग त्यांच्या खाली... दुसरे फोटो यायला लागले.

जासईचं ते घर. अंगणातून घेतलेलं. दारात सोनाबाई तुळशीला दिवा लावताहेत. त्यांना पत्ताच नाही.

पुढचा फोटो. सोनाबाईंनी मान वर केलीय.

त्याच्या पुढचा. डोळ्यांवर हात धरून त्या इकडे बघताहेत.

भावनाने तारखा पाहिल्या. दिवाळीनंतरच्या. सगळ्या दिवेलागणीच्या वेळेच्या.

कॅमेरा तेव्हा लाईन आळीत होता. कार्ड पाकिटात होतं.

ती फोटो सरकवत गेली. काढणारा दर दिवशी थोडा जवळ येत होता. आधी अंगण. मग पायरी. मग पडवी. एका फोटोत सोनाबाईंचं तोंड उघडं होतं, काहीतरी बोलत असाव्यात. त्याच्या पुढच्यात फक्त चेहरा. इतका जवळून की कपाळावरचं गोंदण मोजता यावं. त्या चेहऱ्यावरची भीती भावनाला अजून आठवते.

तेवढ्यात पाठीमागे, बॅगेत...

खट्.

आणि पडद्यावर सगळ्यात खाली एक नवीन फोटो आला.

स्वयंपाकघराची फरशी. कलंडलेला हंडा. सांडलेलं पाणी. आणि पाण्यात पडलेल्या सोनाबाई. एक हात कॅमेऱ्याकडे पसरलेला.

तारीख आजची होती. वेळ आत्ताची.

भावनाने प्रितेशला फोन लावला. तो यार्डातच होता.

"सोनाबाईंच्या घरी जा. आत्ता."

"काय झालं?"

"का ते विचारू नका. मी पाया पडते तुमच्या, जा."

तिच्या आवाजात असं काही होतं की तो निघाला. दार उघडं होतं. सोनाबाई फरशीवर पडल्या होत्या, हंडा बाजूला, हात दाराकडे. फोटोतल्यासारख्याच. हे त्याला नंतर कळलं, जेव्हा भावनाने त्याला लॅपटॉप दाखवला. त्यानंतर त्याने फुकटच्या वेबसाइटचं नाव काढलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. यार्डाच्या गाडीतून पनवेलला आणलं. रात्रभर तशा पडून राहिल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भावना भेटायला गेली. सोनाबाईंची लेक सुमती उशाशी होती. तिला उरणजवळ करंजाला दिलेली.

भावना बसली तशा सोनाबाई हळूच म्हणाल्या, "तुज्याकडं आवाज येतो का गो?"

भावनाने मान हलवली.

"मना ठावं हुतं. म्हनूनच इकला त्याला. वाटलं, कॅमेरा लांब गेला की त्यो पन जाईल. तर रोज जवलच यायला लागला."

"आई, बोलू नको," सुमती म्हणाली.

"काल आत आला. मी वाट द्यायला मागं सरली नि पाय घसरला." त्या थोडं थांबल्या. "पन त्यानंच तुमाला धाडलं ना? माज्या पोरानंच धाडलं. मी उगाच भ्यायली. तू त्याला सांग, आय करंजाला चालली. घर बंद बघून कावराबावरा व्हईल."

सुमती भावनाला व्हरांड्यात घेऊन आली.

"ताई, त्याला काही सांगू नका," ती म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "माझा भाऊ होता तो. मला पण माया आहे. पण तो असा रोज एक पाऊल पुढे का येतो? आईला बघायला की न्यायला? तुम्हाला माहीत आहे का?"

भावनाने सुमतीचा नंबर घेतला आणि घरी आली.

सोनाबाईंचा निरोप तिने कुंदनला दिला नाही. रिकाम्या घरात, बॅगेकडे तोंड करून बोलायचं तरी काय?

जासईच्या घराला कुलूप लागलं. सुमती आईला करंजाला घेऊन गेली.

आणि कपाटातला आवाज वाढला.

आता त्याला वेळ राहिली नाही. सकाळी भाकरी थापताना खट्. दुपारी पाठ टेकली की खट् खट् खट्. आधीसारखा थांबून, बघून नाही. घाईघाईने, पिसाळल्यासारखा. भावनाची झोप उडाली. जेवण जाईना. प्रितेश म्हणाला, खाडीत टाकून येतो. तिने नको म्हटलं. टाकला आणि तरी आवाज आला तर?

शेवटी तिने ते कार्ड पुन्हा लॅपटॉपला लावलं.

जासईचं दार. कुलूप.

पुन्हा दार. पुन्हा कुलूप. किती फोटो त्या कुलपाचे...

मग विहीर. मागची गल्ली. ट्रेलरची रांग लागलेला रस्ता. पनवेलच्या हॉस्पिटलमधली ती खाट, रिकामी.

आणि एकाही फोटोत माणूस नव्हतं. भर दिवसाचा रस्ता, पण माणूस नाही. ट्रेलरच्या काचेमागे ड्रायव्हर नाही. हॉस्पिटलच्या बाकांवर कुणी नाही.

तो आईला शोधत होता. आणि त्याला दुसरं कुणी दिसतच नव्हतं.

त्यानंतर उरणचा एसटी स्टँड. मग ओला धक्का. दोरीने बांधलेल्या होड्या.

करंजा.

भावनाने सुमतीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"सुमतीताई, मी भावना. पनवेलहून. आईंना घरात एकटं ठेवू नका, तो..."

"सुमती मासलीबाजारात गेली." आवाज सोनाबाईंचा होता. एकदम शांत. "आला गो, बाय. पायरीजवल हाय."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी कपाटातून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा कधीच नाही.

सोनाबाईंना काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. काठी घेऊन चालायला लागल्या, दोन घास जास्त जेवायला लागल्या. निशालाही मुलगी झाली. सगळं नीट झालं असंच म्हणायचं.

पण पुढच्या शिमग्यात सुमतीचा फोन आला होता.

"आई रोज संध्याकाळी वेणी घालते," ती म्हणाली. "चांगलं लुगडं नेसते आणि पडवीत स्टूल टाकून बसते. समोर बघत. हसत असते."

"मग बरंच आहे की," भावना म्हणाली.

"हो. पण ताई... आधी ती स्टूल भिंतीला टेकवून ठेवायची. आता पार पायरीपर्यंत आलंय. दर दोन-चार दिवसांनी ती स्वतःच पुढे सरकवते."

भावनाने त्यानंतर त्या नंबरवर फोन केलेला नाही. तिकडूनही आला नाही.

आता ती दुसरा कॅमेरा वापरते. जुना कपाटातच आहे, बॅटरी काढलेला. मधे तिने नेटवर विकायला टाकला होता. दोघा-तिघांचे फोन आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. शटर काउंट किती?

बघून सांगते, म्हणाली.

पण आकडा बघायचा तर आधी त्या कॅमेऱ्याने एक फोटो काढावा लागतो. भावनाने अजून बटण दाबलेलं नाही.