गुळगुळीत तबकडी

अंधारात कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर देता का रे पोरांनो? तात्या द्यायचा.

तात्या म्हणजे आमचा घड्याळं दुरुस्त करणारा. ग्रामोफोनवरच्या जुन्या लाखेच्या तबकड्या ओळखायचा त्याला भारी नाद. वरची कागदी चकती उडालेली असली, तरी बाजूला कोरलेला आकडा भिंगातून वाचून तबकडी कधीची, कुठल्या कारखान्यातली, हे बसल्या जागी सांगायचा. बायको म्हणायची, यांना माझा वाढदिवस तेवढा सांगता येत नाही.

मागच्या जानेवारीतला शेवटचा गुरुवार. रात्री दहाच्या सुमारास मास्तरांच्या सुनेचा निरोप आला, म्हणून तात्या ग्रामोफोन घेऊन गेला. मास्तर नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांची आई लग्नाआधी गायची, तिची एक तबकडी निघाली होती, एवढंच त्यांनी ऐकलेलं. ते रांगत होते तेव्हाच ती गेली. घरात तिचा फोटोही नाही. आणि आता माळा आवरताना ही एक तबकडी सापडली होती.

"तिचीच आहे का, एवढं सांग," मास्तर म्हणाले. "मग मी मोकळा."

चकती कसरीने खाल्लेली. आकडा कुणीतरी खरवडलेला. एकच उपाय उरला. त्या काळी बरेच गाणारे शेवटी आपलं नाव सांगत, म्हणजे कारखान्यात घोळ व्हायचा नाही. ते नाव ऐकायचं.

तात्याने चावी दिली, सुई टेकवली. खरखर... मग एक कोवळा आवाज. गाणं संपलं. श्वास घेतलेला ऐकू आला... आणि पुन्हा खरखर. नाव नाही.

पुन्हा लावली. आवाज पुसट झाला. पोलादी सुई दर वेळी तबकडीला थोडी खातेच.

"थांबू या मास्तर. संपून जाईल ती."

"लाव रे. माझंही तेच चाललंय."

सून पाणी आणायला आत गेली. मास्तरांचे डोळे मिटले. तात्याने पुन्हा सुई टेकवली. गाणं आता जवळजवळ नव्हतंच. त्याने कर्ण्याला कान लावला.

श्वास...

"झोपला का?"

तात्याने मास्तरांकडे पाहिलं. छाती संथ हलत होती. दिवसभर गिऱ्हाइकांना उत्तरं देणारा माणूस. तोंडातून निघून गेलं.

"हो. झोपलाय."

तबकडी थांबली. चावी तर आत्ताच दिली होती...

मग त्याच्या लक्षात आलं. तबकडी लग्नाआधीची. तेव्हा झोपवायला मूल कुठलं?

नाही, जागा आहे तो, असं त्याला म्हणायचं होतं. शब्द फुटेना. हात उचलवेना. सून तांब्या घेऊन दारातच उभी. तिचंही पाऊल पुढे पडेना. खोलीत कुणीतरी तीच चाल गुणगुणत होतं... अगदी हळू.

कितीतरी महिने कुणी वळवल्याशिवाय न वळलेले मास्तर आपणहून कुशीवर वळले. लहान मूल वळतं तसे.

"तीच आहे," ते पुटपुटले.

गुणगुणणं थांबलं...

सकाळी मास्तर उठले नाहीत. तात्याने तबकडी खिडकीतल्या उजेडात धरली. दोन्ही बाजूंनी ती काचेसारखी गुळगुळीत होती. तिच्यावर एकही रेघ नव्हती.