येळवशीची आंबील आणि डावं चाक

बसायचं असंल तर नीट बसा, आणि ते मोबाईल खाली ठेवा. भूत कसं दिसत होतं, पाय उलटे होते का, असलं मधी विचारायचं न्हाय. दिसलं काहीच न्हाय. उमरग्याच्या मल्लिकार्जुन मिस्त्रीनं जे कानानं ऐकलं तेवढंच सांगतो. आणि तो माणूस कुणाला रिझवायला खोटं बोलण्याइतका गोड न्हाय, हे अख्ख्या उमरग्याला ठाऊक आहे.

गेल्याच्या आधल्या सालची येळवस. मार्गशीर्षाची अमावास्या. दिवसभर सगळं गाव रानात. भाज्या-कडधान्यांची भज्जी खाऊन, ताकातली आंबट आंबील पिऊन, तिन्हीसांजेला पेटलेले हेंडगे, म्हणजे कडब्याच्या मशाली, पिकाभोवती फिरवून माणसं घराकडं वळत होती. तेवढ्यात मल्लिकार्जुननं गॅरेज उघडलं, कारण कृष्णराजचे फोनवर फोन.

हा कृष्णराज म्हणजे खडीचा ठेकेदार. पैसा मोप, जीभ विंचवाची. आपली जुनी पांढरी गाडी त्यानं मल्लिकार्जुनच्याच जावयाला, राजशेखरला, विकायची ठरवली होती. सकाळी जावई गाडी नेणार, आणि त्याच गाडीत बाळंतपणाला आलेली लेक शिवलीला तान्ह्या पोराला घेऊन सासरी जाणार. पण मागच्या ब्रेकला आवाज होता. राजशेखरनं तो ऐकला होता. सासरा ठीक म्हणाला तरच घेतो, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

"आवाज तेवढा काढ," कृष्णराज म्हणाला. "बाकीच्या चौकशा तुला कुणी सांगितल्या न्हाईत."

मल्लिकार्जुननं जॅक लावला, मागची दोन्ही चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उतरवले. लायनर चांगले जाड. स्प्रिंगा जागेवर. धूळ झटकली, घासकागद मारला, ड्रम ठोकून परत बसवले. चाक हातानं फिरवलं, मुकं फिरलं. गॅरेजपुढं गाडी मागं-पुढं घेतली तरी मुकीच. झालं की, कृष्णराज म्हणाला, सांग जावयाला. मल्लिकार्जुन म्हणाला, माझा नातू बसणार आहे, सडकेवर ऐकल्याबिगर सांगत न्हाय. यावर कृष्णराजनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण चावी फिरवली. गाडी गळ्यातनं काढायची होती ना.

मागच्या चाकाचा आवाज धरायचा तर एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं मागच्या सीटवर आडवं होऊन चाकाच्या वरच्या पत्र्याला कान लावायचा. मल्लिकार्जुन आडवा झाला. त्याच्या पायाशी कृष्णराजच्या रानातनं घरी चाललेलं आंबिलीचं भरलं मडकं होतं, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं.

हायवे सोडून गाडी रानातल्या सडकेला लागली. नवाचा सुमार. लांब कुणाच्या तरी रानात एक हेंडगा विझत आला होता. बाकी डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असला काळोख.

कृष्णराजनं ब्रेक दाबला.

च्च... च्च...

लायनर घासल्याचा आवाज मल्लिकार्जुनला कळतो. खडा अडकल्याचा कळतो. हा तसला नव्हता. मेंढका जीभ टाळूला लावून मेंढराला थांबवतो, तसा. ओला.

"ब्रेक सोडा," तो म्हणाला.

"कवाच सोडलाय."

च्च... च्च...

आधी डाव्या चाकात होता. मग सीटखाली आला. मग... कानापाशी. पत्र्याच्या आतल्या अंगाला.

मल्लिकार्जुननं मान हलवली न्हाय. "मालक," तो हळू म्हणाला, "ह्या गाडीखाली काय आलं होतं?"

"मेंढरू. दिवाळीच्या टायमाला."

"मेंढरू, का मेंढका?"

कृष्णराजनं ॲक्सिलेटरवर पाय रेटला.

दिवाळीच्या पाठोपाठ ह्याच सडकेवर काळी घोंगडी पांघरलेला एक मेंढका मरून पडलेला सापडला होता, हे सगळ्यांना ठाऊक. गाडी कुणाची, ते कुणालाच न्हाय. मेंढरं रातभर त्याच्याभोवती उभी होती म्हणे.

गाडी मंदावली. कृष्णराज पाय रेटत होता, इंजन किंचाळत होतं, तरी मंदावली. एका बाभळीपाशी थांबली. इंजन बंद पडलं.

कृष्णराज पुढं बघूनच बोलला.

"जित्ता होता. पाणी मागत होता." मग म्हणाला, "मला उशीर झाला होता."

बस. त्यात पस्तावा नव्हता. राग होता, तोही मेलेल्यावर.

च्च.

येळवशीला वाटंनं जाणारा वैरी असला तरी त्याला रानात बोलावून आंबील पाजतात. हे आपल्याकडं लेकराला शिकवावं लागत न्हाय. मल्लिकार्जुनचा हात आपसूक मडक्याकडं गेला.

"मालक, तुमच्या हातानं द्या. आज मागणाऱ्याला माघारी धाडू नका."

कृष्णराज मागं वळला. "माझ्या रानातली हाय ती. मेलेल्याला पाजायला केली न्हाय. थेंब देणार न्हाय. उतर खाली."

मल्लिकार्जुन उतरला. मडकं आतच राहिलं. दार आपटलं.

आता गाडी लगेच चालू झाली. सुसाट गेली. मागचे लाल दिवे लहान होत गेले. लहान... आणि ब्रेकचे दिवे लागले.

लागलेच राहिले.

हाक न्हाय. हॉर्न न्हाय. काहीच न्हाय...

मल्लिकार्जुन तिकडं गेला न्हाय. उभ्या जागी जावयाला फोन लावला, गाडी घ्यायची न्हाय म्हणाला. का, ते सांगितलं न्हाय. आणि पाठ फिरवून चालत सुटला.

सकाळी गाडी तिथंच. कृष्णराज सीटवर, जित्ता, डोळे उघडे, पाय ब्रेकवर. पाय काढायला दोन गडी लागले. तो आजपतूर बोललेला न्हाय. तहान लागली तरी पाणी मागत न्हाय. कुणी तोंडाला लावलं तर पितो.

गाडी ओढत गॅरेजला आणली. मडक्याचं फडकं बांधलं होतं तसंच. मल्लिकार्जुननं गाठ सोडली. मडकं कोरडं. फुटलेलं न्हाय, सांडलेलं न्हाय, सीटवर डागसुद्धा न्हाय.

मग त्यानं डावं चाक काढलं. रातीच स्वतःच्या हातानं पुसून बंद केलेला ड्रम ठोकून उतरवला.

आत काळ्या घोंगडीच्या लोकरीचा एक पुंजका होता. ओला. पिळला तर बोटांवर पांढरं आलं.

मल्लिकार्जुननं बोटं नाकाशी नेली...

आंबट वास. ताज्या आंबिलीचा.