सत्त्याऐंशी नंबरचं पान

इतिहास अमर असतो. त्यातला एक शब्द पुसण्याची काळाचीही छाती नाही. आमच्या रेजिमेंटच्या इतिहासातले बरेचसे शब्द मात्र एका शनिवारी दुपारी साडेचार वाजता पुसले गेले, कारण हॉटेलच्या धुलाईखोलीतला पाइप फुटला.

१९९३ सालचं संमेलन, ओहायोत. 'आमची' रेजिमेंट म्हणजे खरं तर बाबांची. मी त्यांच्या जुन्या सैनिकांच्या संघटनेची बिनपगारी चिटणीस. दर ऑगस्टात ही मंडळी जमायची, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि तीच लढाई नव्यानं जिंकायची. दर वर्षी जर्मन थोडे वाढलेले असायचे.

तळघरात घोटाभर पाणी होतं आणि त्यात रेजिमेंटच्या कागदांची माझी अकरा खोकी बसली होती. मी सँडल हातात घेऊन पायरीवर उभी राहिले आणि चिटणीसानं उच्चारू नये असा एक शब्द मोठ्यानं उच्चारला.

"हा शब्द इतिवृत्तात घ्यायचा का?" मागून कुणीतरी विचारलं.

वळून पाहिलं. उंच, किडकिडीत माणूस, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. थेट बगळा.

"आधी खोकं उचला. विनोद नंतर करा."

"मला दोन्ही एकदम जमतं," तो म्हणाला — आणि जमत होतं त्याला.

त्याचं नाव रोल्फ टॉर्गर्सन. मिनेसोटातल्या डुलूथच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायचा. त्या दिवशी त्यानं मेजवानीच्या दालनात, कागदी झेंड्यांच्या खालून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या आणि आम्ही दोघांनी दुसरं महायुद्ध वाळत घातलं. रोजच्या नोंदींच्या कार्बन प्रती त्या; मूळ प्रती सरकारी दप्तरात. रोज सकाळी प्रत्येक कंपनीचा कारकून टाइप करायचा — कोण आलं, कोण गेलं, कोण इस्पितळात, कोण ठार. शौर्यासाठी त्यात रकाना नव्हता.

वाळत घालण्याआधी तो नखानं प्रत्येक गंजकी टाचणी काढायचा.

"टाचणीवर कधी विश्वास ठेवू नये," तो म्हणाला. "वाटतं धरून ठेवतेय. आतून खात असते."

"लग्न झालंय वाटतं तुमचं?"

"नाही झालं. म्हणून तर टाचण्यांबद्दल बोलतोय..."

मी हसले. त्यानं वर पाहिलं आणि हातातला कागद जरा जास्तच वेळ हातात राहिला. मग खिशातून पेन्सिल काढून त्यानं कोपऱ्यात बारीक आकडा टाकला.

"हे कशाला?"

"कागद पळून जातात."

"इथे सगळे सत्तरीचे आहेत. कुणी पळत नाही."

"तुम्ही नाही सत्तरीच्या," तो म्हणाला, आणि पुढचा आकडा टाकला.

तो आला होता काकासाठी. हॅल्वर टॉर्गर्सन, वय वीस, १४ नोव्हेंबर १९४४ रोजी एका नदीकाठी ठार. त्याची आई, म्हणजे रोल्फची आजी, अजून होती, एक्याण्णव वर्षांची. कॉफीच्या डब्यात तिनं एक पत्र जपलं होतं. सार्जंट क्लेटन स्टॅमबॉ यांचं. माझ्या बाबांचं. 'त्याला वेदना झाल्या नाहीत. डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं तुमची आठवण काढली.'

संमेलनाच्या जेवणाआधी आमच्याकडे हजेरी होते. मेलेल्यांची. नाव पुकारलं की त्याच्या तुकडीतला कुणीतरी उभा राहून त्याच्या वतीनं ओ देतो. "टॉर्गर्सन!" पुकारलं की बाबा उठायचे. पाठ ताठ, हनुवटी वर. "हजर!" एरवी त्यांना मीठ मागायलाही खाकरावं लागायचं.

त्या वर्षी मी बाबांकडे पाहिलं नाही. रोल्फकडे पाहत होते. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यानं पाव तोंडात कोंबला होता. माझं काय व्हायचं ते तिथेच झालं.

रेजिमेंटचा इतिहास छापायचा असं ठरलं आणि ते काम रोल्फनं मागून घेतलं. दोन महिन्यांतून एकदा तो चौदा तास गाडी चालवून यायचा. माझ्या स्वयंपाकघरात कागद शब्दकोशांखाली दाबलेले असायचे. तो वाचून दाखवायचा, मी टाइप करायचे.

"चौदा तास गाडी चालवून कुणी कागद बघायला येतं का?" मी एकदा विचारलं.

"येतं की. कागद देखणे असले तर."

"कागदावर बुरशी आहे."

"मी कुठे कागदाकडे बघतोय..." बाहेर पाऊस लागला होता. त्यानं माझ्या बोटांवरची कार्बनची शाई रुमालानं पुसली. एकेक बोट — सावकाश. दहावं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारीत तो नसताना सत्त्याऐंशी नंबरचं पान उलगडलं. १४ नोव्हेंबर. 'टॉर्गर्सन, ठार.' आणि खाली, 'आधीच्या नोंदीत राहून गेलेलं: सार्जंट स्टॅमबॉ, १२ तारखेपासून इस्पितळात, पाय सुजल्यामुळे.'

नदी होती तिथून इस्पितळ चाळीस मैल.

मी पान घेऊन बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ओल्या बुटांत पाय सडतात," ते म्हणाले. "त्या गस्तीवर मी जायचा होतो. तो पोरगा माझ्या जागी गेला."

"त्याच्याजवळ कोण होतं, बाबा?"

"कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सापडला." मग पान माझ्या हातात परत देत, "त्याच्या आईला हे लिहायचं होतं का मी? सांग ना. तू चिटणीस आहेस."

मी ते पान पाककृतींच्या वहीत ठेवलं, रुबार्बच्या आंबट पेस्ट्रीच्या शेजारी. ती पेस्ट्री आमच्या घरात कुणाला आवडत नव्हती.

दोन दिवसांनी रोल्फ आला तेव्हा त्यानं गठ्ठा चाळला. एकदाच. "नोव्हेंबरचं सगळं हेच?"

"हेच. बाकीचं पाण्यात गेलं असेल."

"असेल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता लग्नाचं विचारणार. त्यानं कॉफी मागितली.

मे महिन्यात त्याची आजी गेली. बाबांचं पत्र तिच्या हातात देऊन तिला पुरलं, असं त्यानं फोनवर सांगितलं. आता सांगावं, असं फार वाटलं... मी विचारलं, तिकडे हवा कशी आहे.

ऑगस्टात पुस्तक आलं. मी आधी चौदा नोव्हेंबर उघडलं. फक्त एक ओळ होती: 'या दिवसाची नोंद उपलब्ध नाही.' शेवटी 'घरी पोचलेली पत्रं' या मथळ्याखाली बाबांचं पत्र, जसंच्या तसं. इतिहासात नाही. पत्रांत.

हजेरीला "टॉर्गर्सन!" पुकारलं. बाबा उठले. पाठ ताठ होती, पण आवाज निघेना. दालन थांबलं. मग शेजारच्या टेबलावरून रोल्फ उठला, बाबांच्या बाजूला येऊन उभा राहिला, त्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, "हजर."

मी त्याला गाठलं ते वाहनतळावर. दुपारचा बारीक पाऊस होता. तो बॅग गाडीत टाकत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"जानेवारीपासून. पानांना मी आकडे टाकले होते, नोरीन. सत्त्याऐंशी गायब म्हटल्यावर सरकारी दप्तरातून मूळ प्रत मागवली. तीन आठवड्यांत आली."

"मग छापलं का नाहीस?"

"त्यांनी खोटं लिहिलं ते आजीसाठी. पन्नास वर्षं ती त्याच्यावर जगली. मी त्यांच्यावर कशाला रागवू?" त्यानं डिकी लावली. "मी पुस्तकात त्या दिवसाची जागा मोकळी ठेवली होती. तुझ्यासाठी. जानेवारी गेला, मार्च गेला. मेमध्ये वाटलं, आता तरी सांगेल. तू हवेचं विचारलंस."

"बाबांसाठी केलं मी..."

"पहिला महिना बाबांसाठी. पुढचे सहा?"

उत्तर माझ्याकडे होतं. मला भीती वाटत होती की तू यायचा बंद होशील. ते तोंडात आलं, आणि त्याचा चेहरा बघून तिथेच राहिलं.

"मी अंगठी आणली होती त्या जानेवारीत," तो म्हणाला. "प्रेम आहे माझं. ते काही जात नाही लवकर. पण तुझ्या घरात राहून रोज पानं मोजायची... मला नाही जमणार."

तो गाडीत बसला. इंजिन सुरू झालं. वायपर एकदा गेले, दोनदा गेले. मग काच खाली आली.

"नोरीन... एक मागू?"

मी धावतच खिडकीशी गेले. त्या क्षणी त्यानं डुलूथचा हिवाळा मागितला असता, बाबांचं नाव मागितलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं.

"माग ना."

"ते पान परत ठेवशील तेव्हा टाचणी लावू नकोस," तो म्हणाला. "गंज चढतो."