सहावा गिअर, आकडा पाच

मास्तर गटाराच्या कडेला पालथे पडले होते. गळ्यातली शिट्टी पाठीवर आली होती.

फौजदारबाई धावत आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. शाळेत असताना याच शिट्टीवर त्या पळायला शिकल्या होत्या. श्वास चालू होता, पण हाकेला ओ नव्हती. ॲम्ब्युलन्स गेली तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. जबडा आवळून रस्ता बघत राहिल्या.

रस्त्यावर आरशाच्या काचा होत्या. बाईकच्या आरशाच्या.

"कोण होता?" त्यांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं.

"लाल बाईक होती. माणूस हेल्मेटात. उडवलं आणि वळूनही नाही बघितलं."

त्या मॉडेलच्या लाल बाईक आसपास दोनच होत्या. दोन भावांच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. थोरला ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. धाकटा दिवसभर सामान पोचवायचा आणि उरलेला वेळ गाडीशी खेळायचा. दोन्ही गाड्या स्कूलच्या मागच्या शेडमध्ये उभ्या राहायच्या.

बाई शेडमध्ये शिरल्या तेव्हा थोरल्याची गाडी धुऊन पुसून लख्ख होती. धाकट्याची चिखलानं माखलेली, आणि तिचा डावा आरसा फुटलेला. हवालदारकाकांनी रस्त्यावरचे तुकडे त्या चौकटीत ठेवून बघितले. अगदी तंतोतंत बसले.

बाईंचं डोकं फिरलं. धाकट्याची कॉलर त्यांच्या मुठीत कधी आली हे त्यांनाही कळलं नाही.

"बाई, सोडा," काका हळूच म्हणाले. "दारात लोक जमलेत."

कॉलर सुटली, पण बाईंची नजर सुटली नव्हती. गाडीवर सगळीकडे चिखल होता आणि आरशाचा नट मात्र चकचकीत, नुकताच पाना फिरल्यासारखा. चेनकडेही नवं काहीतरी चमकत होतं.

"हे काय?"

"पुढचं स्प्रॉकेट," धाकटा पुटपुटला. "चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक. परवा बदललं. दोन दाते कमीचं टाकलं, पिकअपसाठी."

बाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं. रागात माणसाला हत्ती दिसतो, मुंगी दिसत नाही.

थोरला घरातून गाड्यांचे कागद घेऊन आला. भावाच्या हातातल्या बेड्या बघून तो भिंतीला टेकला. "अरे, काय केलंस हे? मास्तरांना?" काका धाकट्याला बाहेर जीपकडे घेऊन गेल्यावर तो बाईंकडे वळून म्हणाला, "मी असतो तर याला गाडी काढूच दिली नसती. मी तेव्हा पुलावर होतो. हे बघा."

त्याच्या फोनवर व्हिडिओ होता. फोन हँडलला लावून काढलेला. लाल टाकी, काळे हातमोजे, मीटरमधलं घड्याळ, शेजारी गिअरचा आकडा दाखवणारी छोटी डबी. पलीकडे पुलाचे कठडे मागे पळत होते. घड्याळात वेळ तीच होती, मास्तर पडले ती.

"तुमच्या भावाचा फोन कुठाय?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, बाई. फेकला असेल कुठे."

चौकीत बाईंनी धाकट्याला समोर बसवलं.

"कुठे होतास?"

"पुलावर."

"पुलावर तुझा दादा होता. व्हिडिओ दाखवलाय त्यानं. हँडलवरून काढलेला."

धाकट्याचं तोंड उघडलं. उघडं राहिलं. मग त्यानं ते मिटलं आणि टेबलाकडे बघत बसला.

"आता का दातखीळ बसली?"

"मग मी नसेन पुलावर."

"मास्तरांना तू उडवलंस?"

धाकट्यानं समोरचा पाण्याचा पेला नुसता फिरवला.

"फोन कुठाय तुझा?"

"घरी. चार्जिंगला लावला होता."

"घरी नाही."

त्यावर त्यानं फक्त मान हलवली. बाईंनी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला उडाला, धाकटा नाही उडाला.

बाहेर हवालदारकाका म्हणाले, "इतकी वर्षं खोटारडे बघतोय, बाई. एक थाप पकडली की लगेच दुसरी मारतात. यानं थापच मारली नाही. आपलंच बोलणं मागे घेऊन मोकळा झाला. कुणी करतं का असं?"

"अपराधी मन असेल."

"असेल. पण उद्या याला कोर्टात उभा केला आणि मास्तरांचं बरंवाईट झालं, तर पोराचा जन्म आत जाईल. एकदा नीट बघून घ्या. मग खुशाल टांगा."

बाईंना राग आला, पण त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकला. मग उठल्या.

"काका, दोन्ही गाड्या मैदानावर घ्या."

सकाळी मैदानावर त्यांनी आधी धाकट्याची गाडी पळवली, मग थोरल्याची. नजर रस्त्यावर कमी, डबीवर जास्त. उतरल्या तेव्हा काकांनी विचारलं, "काय झालं?"

"थोरल्याला बोलवा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. तो खाली आला की काकांना जास्त भीती वाटायची.

थोरला आला आणि खुर्ची ओढून बसला. बाईंनी धाकट्यालाही आणून कोपऱ्यात बसवलं.

"सुटेल का हो हा?" थोरल्यानं विचारलं.

"तेच बघतोय. तुम्ही गाडी शिकवता, मला एक सांगा. व्हिडिओत पुलाच्या सिग्नलला गाडी उभी आहे, तेव्हा डबीवर नुसती आडवी रेघ दिसते. व्हिडिओत काही गडबड केलीय का?"

थोरला हसला. "नाही हो. ती बाहेरून बसवलेली डबी आहे. काही गाड्यांत गिअरबॉक्समध्येच बटण असतं, त्यांना गाडी उभी असली तरी गिअर कळतो. आमची डबी हिशेब करते. इंजिन किती फिरतंय आणि चाक किती फिरतंय, त्याच्यावरून गिअर ओळखते. चाकच उभं असलं तर कशावरून ओळखणार? क्लच दाबलात तरी तेच. दोघांची ताटातूट होते, मग रेघ."

"आणि हिशेब तिला कोण शिकवतं?"

"बसवताना आपणच. एकेक गिअर टाकून गाडी चालवायची, ती लक्षात ठेवते."

"मग पुढे चुकत नाही?"

"चालू गाडीत? माझी तर कधीच चुकली नाही. मुलांना शिकवताना मी तिच्यावरच भरवसा ठेवतो."

"काका, लिहून घेतलंत?"

"घेतलं."

बाईंनी व्हिडिओ लावला. सिग्नल सुटला. रेघ गेली, आकडा आला एक. खट, गिअर बदलल्याचा आवाज, आणि रेघ, क्लच सुटल्यावरही तशीच. खट, पुन्हा रेघ. खट, तीन. खट, चार. खट, पाच. मग गाडी एका सुरात पळत राहिली. आकडा पाचच.

"पहिल्यानंतर किती वेळा गिअर टाकला?" बाईंनी विचारलं.

थोरला बोटांवर मोजू लागला आणि मध्येच थांबला.

"पाच वेळा. एकावर पाच, म्हणजे सहा. गाडी सहाव्यात आहे आणि तुमची कधीच न चुकणारी डबी पाच दाखवतेय. मध्ये दोनदा तिला काही कळलंच नाही."

"काल बिघडली असेल."

"सकाळी मी चालवून बघितली. तुमच्या गाडीवर सहाच्या सहा बरोबर. तुमच्या भावाच्या गाडीवर मात्र एक, रेघ, रेघ, तीन, चार, पाच. या व्हिडिओसारखं. का, माहितीय?"

थोरल्यानं कोपऱ्यात बघितलं. धाकटा पायाकडे बघत होता.

"अपघाताच्या दोन दिवस आधी यानं पुढचं स्प्रॉकेट लहान टाकलं. आता तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. चाकाचा वेग डबीला पुढच्या चाकावरून कळतो, त्यामुळे तिचा जुना हिशेब कोलमडला. वरचे गिअर एकमेकांच्या जवळ असतात, म्हणून सहावा तिला पाचवा वाटला. खालचे लांब लांब, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याला ती गोंधळली; पहिल्याच्या खाली गिअरच नाही, म्हणून तो तेवढा चुकला नाही. यानं तिला परत शिकवलंच नाही. तुम्हाला बदल माहीत असता, तर तुम्ही हा व्हिडिओ दाखवलाच नसता. तो धाकट्याच्या गाडीवरचा आहे, त्यानंच काढलेला, त्याच्याच फोनमधला. चार्जिंगला लावलेला फोन तुम्ही उचललात आणि व्हिडिओ स्वतःकडे घेतलात. मास्तर पडले तेव्हा पुलावर धाकटा होता."

"मग त्याच्या गाडीचा आरसा..."

"तो तुमच्या गाडीचा होता. घरी येऊन अदलाबदल केलीत, मग आपली गाडी धुतलीत. गाडीभर चिखल आणि नट तेवढा चकचकीत, हे मी कालच बघितलं होतं. डोकं ठिकाणावर असतं तर तेव्हाच कळलं असतं."

थोरल्यानं चेहरा हातात धरला.

"ते एकदम आडवे आले," तो शेवटी म्हणाला. "थांबलो असतो तर लायसन गेलं असतं. माणूस उडवणाऱ्याकडे कोण गाडी शिकायला येईल? स्कूल बुडालं असतं. घर त्याच्यावरच चालतं ना." मग धाकट्याकडे वळला. "तुला मी सोडणार नव्हतो रे. सगळ्यात मोठा वकील देणार होतो."

बाई धाकट्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्याच्या बेड्या काढल्या. "तू का नाही बोललास? एका शब्दात सुटला असतास."

"तुम्ही म्हणालात, व्हिडिओ दादानं दाखवला," धाकटा म्हणाला. "तेव्हाच कळलं. वाटलं, घरी जाईल, विचार करेल आणि सकाळी स्वतःच येईल सांगायला. म्हणून थांबलो."

"आणि आज आला तेव्हा?"

"आज आला, तर खुर्ची ओढून बसला."

तो मनगट चोळत उठला आणि दारापर्यंत गेला. तिथून वळून त्यानं थोरल्याकडे बघितलं.

"व्हिडिओ माझा मला दिला असतास, दादा," तो म्हणाला, "तर तुझ्या वकिलाची गरजच पडली नसती."